अंगणात अजून कुत्राच दिसतोय

अभय मांडवकरांच्या घरी सकाळचा चहा आणि जगावरचं संकट बरोबरच येत असे. चहा त्यांची बायको निशिगंधा आणत असे आणि संकट मोबाइलवर येई. कुठल्याशा कंपनीतून लाखो लोकांचे पासवर्ड गळाले, कुठल्याशा प्रोग्रॅममध्ये कित्येक वर्षं कुणाला न दिसलेलं भोक सापडलं, असल्या बातम्या रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यातल्या त्यांच्या ब्लॉकमध्ये दूधवाल्याच्या आधी पोचत. बाकीचं जग त्या वाचतं आणि दात घासायला जातं. अभयराव मात्र कामाला लागत. एकदा त्यांनी गॅस बुकिंगचा पासवर्ड इतका बळकट केला की तो त्यांनाच आठवेना, आणि मांडवकर कुटुंबाने बरेच दिवस शेजारच्यांच्या शेगडीवर भात शिजवला. "चोरांपासून आमचा सिलिंडर वाचला," असं निशिगंधा अजूनही पाहुण्यांना सांगते. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिला आवाज न चढवता माणसाला कोपऱ्यात उभं करता येतं.

अभयराव रत्नागिरीतल्या एका कॉलेजात हेडक्लार्क. त्या कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. अभयराव त्या दिवशी आत गेले ते मनाने अजून बाहेर आलेले नाहीत. पुढे इंटरनेट आलं आणि त्यांना आपल्यासारखीच माणसं भेटली. आपला डेटा परक्याच्या दारात ठेवायचा नाही, सर्व्हर आपल्या घरातच चालवायचा, असं मानणाऱ्या जगभरच्या मंडळींचा एक फोरम आहे. तिथे अभयरावांचं नाव 'कातळ'. गेली अनेक वर्षं तिथे त्यांचं एका फिनलंडच्या म्हाताऱ्याशी भांडण चालू आहे. त्याचं नाव 'पेंग्विनआजोबा'. दोघांनी एकमेकांचा चेहरा कधी पाहिलेला नाही, पण एकमेकांच्या चुका तोंडपाठ आहेत. अभयरावांना इतकं समजून घेणारं माणूस रत्नागिरी जिल्ह्यात दुसरं नाही, आणि हे त्यांनी एकदा निशिगंधालाच सांगितलं होतं.

हे सगळं असंच आनंदात चाललं असतं. पण शिमग्याच्या थोडं आधी डोंबिवलीत कमळाकाकी बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली.

कमळाकाकी म्हणजे अभयरावांच्या काकांची, जानूकाकांची बायको. अभयरावांची आई ते लहान असतानाच गेली, तेव्हापासून तळेकोंड या त्यांच्या गावच्या घरात त्यांना काकीनेच वाढवलं. म्हातारपणी मुलाकडे डोंबिवलीला राहायला गेली तरी शिमग्याला काकी गावी आली नाही असं कधी घडलं नव्हतं. नवलाईदेवीची पालखी घरोघर फिरत अंगणात आली की काकी पदर सावरून पुढे होई, देवीआईची ओटी भरी आणि स्वतःच्या तोंडाने गाऱ्हाणं घाली. लग्न होऊन त्या अंगणात आली तेव्हापासूनचा तिचा नेम होता.

पहिलं ऑपरेशन झालं, पण हाड नीट बसलं नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा करावं लागेल आणि लवकर करावं लागेल, जितका उशीर तितका धोका. काकी म्हणाली, शिमगा झाल्याशिवाय नाही. मुलगा विनवून थकला. शेवटी जानूकाकांनी अभयरावांना फोन लावला आणि तो काकीच्या कानाला धरला.

"अभय, मी आईला आपल्या अंगणात बगल्याबिगर त्या टेबलावर चढायची नाय," काकी म्हणाली. "मंग काय व्हायचा ता होऊं दे."

"काकी, मी दाखवतो तुला," अभयराव म्हणाले. "तिथे झोपल्या जागी दाखवतो."

वाक्य तोंडातून गेलं आणि अभयरावांच्या अंगावर काटा आला. थोडा भीतीचा होता. बराचसा आनंदाचा होता, आणि त्याची त्यांना लाजही वाटली.

"व्हिडिओ कॉल करू या की," निशिगंधा म्हणाली.

गावच्या घरी जाऊन करून पाहिला. तळेकोंडला रेंज परसातल्या फणसाच्या बुंध्याशी येते, अंगणात येता येता तिचा जीव जातो. डोंबिवलीच्या बाजूला काकीचा डावा कान दिसला आणि तो तसाच गोठून राहिला. काकीला तळेकोंडच्या बाजूने नुसते चौकोन दिसले. "ह्या भिंतीला काय झाला?" असं तिने विचारलं. भिंत म्हणजे अभयराव होते.

तेव्हा अभयरावांनी ठरवलं की आपण स्वतःचाच सर्व्हर बसवायचा. पडवीत कॅमेरा लावायचा, फणसावर अँटेना, माळ्यावरच्या जुन्या लॅपटॉपवर सगळं चालवायचं, आणि डोंबिवलीच्या टीव्हीवर थेट अंगण दाखवायचं. कुणाच्या बापाच्या कंपनीवर अवलंबून राहायचं नाही. त्यांनी फोरमवर आराखडा टाकला. त्याला एवढे प्रतिसाद आले की वाचता वाचता त्यांचं जेवण राहिलं.

तळेकोंडला मात्र प्रतिसाद यायला आराखडा टाकावा लागत नाही. अभयराव शनिवारी शिडी घेऊन फणसाजवळ गेले आणि कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारी रामा शिगवण प्रकट झाला. रामा लोट्याच्या एका केमिकल कंपनीची बस चालवून निवृत्त झालेला. कारखान्यात त्याने कधी पाय ठेवला नसेल, पण गेटवरच्या सूचना वाचून वाचून त्याला सुरक्षेचं वेड लागलं होतं.

"परमिट काढलंस?" रामाने विचारलं.

"कसलं परमिट?"

"आमच्या लोट्याला बल्ब बदलायचा तरी परमिट लागता. कोण चढणार, कवा चढणार, सही कोणाची. तू थेट आईच्या पालखीवर कॅमेरा लावतंस आनि परमिट नाय?"

"माझ्या अंगणात मी कॅमेरा लावतोय, रामाभाऊ."

"अंगण तुजा हाय. पालखी गावाची हाय."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वाडीभर झाली. येसूबाई येऊन सांगून गेली की तिच्या भाच्याच्या लग्नात असाच कॅमेरा लावला होता आणि पुढे त्या दोघांचं पटलं नाही. गावच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे एरवी फक्त सुप्रभात आणि निधनवार्ता येतात, तिथे दोन तट पडले. आज काकीसाठी कॅमेरा, उद्या कुणी म्हणेल देवीला मोबाइलवरच नमस्कार करतो, मग गावाला यायचं कुणी, असं एक म्हणणं. ज्यांना रजा मिळाली नव्हती त्यांचं म्हणणं होतं की लिंक आम्हालाही पाठवा. अखेर गावकरांनी, म्हणजे गावातल्या पहिल्या मानाच्या माणसाने, निर्णय दिला: आईलाच विचारा. कौल लावा.

अभयराव रात्री फोरमवर बसले. कामाची प्रगती काय, असं सगळे विचारत होते. त्यांनी लिहिलं की प्रकल्प ग्रामदेवतेच्या मंजुरीसाठी थांबला आहे. मूर्तीला फुलाच्या कळ्या लावतात, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पेंग्विनआजोबांनी लिहिलं, "आमच्या ऑफिसात मंजुरीला याहून जास्त वेळ लागायचा आणि कारणही कळायचं नाही. तुमची पद्धत चांगली आहे." एवढ्या वर्षांत म्हाताऱ्याने पहिल्यांदाच अभयरावांच्या बाजूचं काही चांगलं म्हटलं होतं, तेही अभयरावांबद्दल नव्हतं.

कौल लावायला देवीचे पुजारी बाबू गुरव बसले. देवळात वाडीतली चार माणसं, रामा शिगवण अर्थात पुढे. बाबू गुरवांनी कळ्या ओल्या करून मूर्तीला लावल्या आणि मान वळवली.

"आईला काय विचारू ता सांग."

अभयरावांनी घसा साफ केला. "असं विचारा, की कॅमेऱ्यातून येणारं चित्र सर्व्हरवर जाईल, ते एन्क्रिप्टेड असेल, म्हणजे कुलूपबंद, आणि फक्त आपल्याच लोकांना..."

"येवडा आईला नाय सांगत," बाबू गुरव शांतपणे म्हणाले आणि मूर्तीकडे वळले. "आये, तुजी लेक लांब पडलेली हाय. तिला उठवत नाय. तुजा रूप तिला दाखवायचा हाय. मंजूर असंल तर उजवा दे."

कळ्या मूर्तीला चिकटून राहिल्या. बाहेर कुणीतरी मोटारसायकल लावली. अभयरावांनी आयुष्यात पुष्कळ प्रगतीच्या पट्ट्या पाहिल्या होत्या, नव्वद टक्क्यांवर येऊन अडकलेल्या, पण एवढं टक लावून कशाकडेच पाहिलं नव्हतं. डावी कळी जरा हलली. रामाने त्यांचा दंड धरला आणि सोडलाच नाही. मग उजवी कळी सुटली आणि आईच्या पायाशी पडली.

"झाला," बाबू गुरव म्हणाले. "पन ऐक. पालखी कोनासाठी थांबत नाय. आनि दारातनं निघाली का मागं फिरत नाय. तुज्या यंत्राला सांगून ठेव."

अभयराव हो म्हणाले. त्या क्षणी ते कशालाही हो म्हणाले असते.

मग खरा त्रास सुरू झाला. अँटेना फणसावर चढली, लॅपटॉप माळ्यावरून उतरला, त्यातून पालीची दोन अंडी निघाली, आणि डोंबिवलीला चित्र गेलं. गेलं, पण अडखळत. दोन पावलं दिसत, मग गोठत, मग माणूस एकदम अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. अभयरावांनी स्वतः अंगणात चालून दाखवलं तर जानूकाका फोनवर म्हणाले, "तू नाचतंस का पडतंस?" पालखी तर खांद्यावर नाचवतात. काकीला काय दिसणार? अभयरावांनी फोरमवर हताश होऊन लिहिलं. पेंग्विनआजोबांचं उत्तर आलं: चित्र लगेच पाठवू नकोस, आधी थोडं साठव आणि मग सावकाश सोड. "तुला तुटकं आत्ता हवंय, की अखंड मघाशी?"

अभयरावांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग चित्र साठवायची मुदत वाढवत नेली. एक मिनिट, दोन मिनिटं. तीन मिनिटांवर चित्र पाण्यासारखं वाहू लागलं. जानूकाका म्हणाले, "आता कसा, पिच्चरसारखा." त्या संध्याकाळी अभयरावांनी निशिगंधाकडे दोनदा चहा मागितला.

डोंबिवलीला जे दिसतं ते तीन मिनिटं जुनं आहे, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आपण 'थेट' म्हणालो होतो. तीन मिनिटं उशिराच्या गोष्टीला थेट कसं म्हणायचं, हा प्रश्न फोरमवर चर्चेला घ्यावा असा होता, रामा शिगवणासमोर नव्हे. शिवाय पालखी ती पालखीच, तीन मिनिटांनी दिसली तर काय बिघडतं? काकीचा आवाज साध्या फोनवरून घ्यायचा, तो स्पीकरला जोडायचा, म्हणजे तिचं गाऱ्हाणं आईला ऐकू जाईल. आवाज ताजा आणि चित्र शिळं, या दोहोंची गाठ कुठे पडते याचा विचार तीस वर्षं कॉम्प्युटर वापरलेल्या माणसाने करायला हवा होता. अभयरावांनी तो केला नाही.

पालखी यायच्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीने मोबाइल उघडला आणि हातातला कप खाली ठेवला. ते वापरत होते त्याच प्रोग्रॅममध्ये भोक सापडलं होतं. ताबडतोब अपडेट करा, असं लाल अक्षरांत लिहिलं होतं.

"नाही," निशिगंधा म्हणाली. तिने बातमी वाचली नव्हती, फक्त नवऱ्याचं तोंड पाहिलं होतं.

"अगं, कुणीही आत घुसू शकेल."

"कुठे? आपल्या अंगणात? येऊ दे. प्रसाद घेऊन जाईल."

अभयराव दुपारपर्यंत टिकले. एवढा संयम त्यांनी लग्नानंतर प्रथमच दाखवला होता. पण पालखी वरच्या वाडीत गेल्याचं कळलं, अजून बराच अवकाश आहे असं वाटलं, आणि त्यांच्या बोटाने ते बटण दाबलं. लॅपटॉप बंद झाला आणि चालू होईना. पडद्यावर एक छोटं चक्र फिरत राहिलं. फिरता फिरता ढोल ऐकू आले. पालखीने वरच्या वाडीतली दोन घरं बाळंतपणाच्या सोयराची म्हणून वगळली होती आणि ती पाखाडीच्या चिरेबंदी पायऱ्या उतरत होती. निशिगंधा ओटीचं ताट घेऊन दारात आली. तिने चक्राकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि ताटातला नारळ सरळ केला. अभयरावांना वाटलं, ही ओरडली असती तर बरं झालं असतं.

पालखी पाखाडीवर असतानाच लॅपटॉप उठला. अभयरावांनी घाम पुसला, कळा दाबल्या आणि सनई गडग्याच्या आत येईपर्यंत डोंबिवलीला फोन लावून स्पीकरला जोडला. "काका, दिसतंय का?"

"दिसतंय दिसतंय," स्पीकरमधून जानूकाका म्हणाले. "अंगण झक्क दिसतंय. कुत्रा बसलाय."

काळू कुत्रा खरोखरच मघापर्यंत अंगणाच्या मधोमध बसला होता. आता तो ढोलांना घाबरून परसात पळाला होता, आणि त्याच्या जागी नवलाईची पालखी होती.

आई आली. पालखीतली देवीची चांदीची रूपं उन्हात लखलखत होती. पोरांनी पालखी खांद्यावर घेऊन नाचवली, धुरळा उडाला, गावकरांनी नारळ फोडला, निशिगंधाने ओटी भरली. बाबू गुरवांनी गाऱ्हाणं घातलं आणि सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हटलं. मग गुरव स्पीकरकडे वळले. "कमळे, बोल आता. आई समोर हाय तुज्या."

स्पीकरमधून डोंबिवलीच्या पंख्याचा आवाज आला.

"काकी, बोल," अभयराव म्हणाले.

"काय बोलू?" काकी म्हणाली. "अंगणात अजून कुत्राच दिसतोय."

कुणीतरी हसलं.

"काकी, आई आली आहे गं."

"खोटा बोलू नको, अभय. डोळे शाबूत हायत माजे. ढोल वाजतायत ते शिगवणांकडं. आपल्या अंगणात काळू हाय. मी काय कुत्र्याला गाऱ्हाणा घालू?"

सगळ्यांनी अभयरावांकडे पाहिलं. आता सांगायला हवं होतं. 'तीन मिनिटं थांबा' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर रामा शिगवण हाताची घडी घालून उभा होता, मागे सगळी वाडी, आणि वर 'थेट' हा शब्द. अभयरावांच्या तोंडून फक्त "नेटवर्क..." एवढंच आलं.

"पालखी कोनासाठी थांबत नाय," गावकर म्हणाले. उन्हं कलायच्या आत आईला सहाणेवर, म्हणजे तिच्या मुक्कामाच्या ओट्यावर, पोचायचं होतं, आणि पुढचं घर रामाचं होतं. त्याच्या अंगणातली रांगोळी वाऱ्यावर उडत होती. "उचला."

पालखी उठली. अभयराव पाहत राहिले. लहानपणी ताप आला की रात्रभर उशाशी बसणारी बाई डोंबिवलीत एका कुत्र्याकडे डोळे लावून पडली होती, आणि तिची आई तिच्या अंगणातून तिच्या पुतण्याच्या अब्रूसाठी निघून चालली होती. पोरं गडग्याच्या खिंडीतून बाहेर पडली. पालखीचा गोंडा पाखाडीवर दिसेनासा होऊ लागला.

तेवढ्यात स्पीकर खरखरला.

"आली," काकी म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "आली गो माजी आय. किती नटलीस. कोनी नटवलान तुला?"

पाखाडीवरचे ढोल थांबले.

"निशिगंधा ओटी भरतेय बग," काकी रडत होती. "पदर नीट घे गो. आये, ऐक माजा गाऱ्हाणा. मला यायला नाय झाला. मी येन, नाय येन, ता तुज्या हातात. ह्या घराला संबाळ. म्हाताऱ्याला बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्यायची बुद्धी दे. आनि माजा अभय, आये, त्या यंत्रात डोका घालून बसतो, त्याला कदी माणसांत आण..."

अभयराव अंगणातून धावत सुटले. गडग्याच्या खिंडीत उभं राहून त्यांनी सगळ्या गावाला ओरडून सांगितलं, "तिला तीन मिनिटं उशिरा दिसतं. माझी चूक आहे. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. तिच्यासमोर आई आत्ता उभी आहे."

आयुष्यात एवढं जोरात ते कधी बोलले नव्हते. आता गाव हसेल, पिढ्यानपिढ्या हसेल, असं त्यांना वाटलं. कुणी हसलं नाही. सगळे बाबू गुरवांकडे पाहत होते आणि स्पीकरमधून काकी एकेका नातवाचं नाव घेत होती.

"गाऱ्हाणा चालू हाय," बाबू गुरव हळूच म्हणाले. "गाऱ्हाणा चालू असताना पालखी अंगणात लागते."

"पन मागं फिरत नाय ना?" गावकर म्हणाले. "तुमीच बोललाव."

"फिरवायची नाय," रामा शिगवण म्हणाला.

अभयरावांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याच्या रांगोळीचा एव्हाना नुसता रंग उरला होता.

"फिरवायची कशाला?" रामा म्हणाला आणि पुढे झाला. "रिवर्स घ्या. आईचा तोंड हाय तसाच पुढं. पोरांनू, मी सांगतंव तसा पाय टाका. लोट्याच्या गेटवर बस अशीच लावायची. मागचे दोगं, तुमी माज्याकडं बगा."

बाबू गुरवांनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी मान हलवली, आणि तळेकोंडची पालखी मागे न फिरता मागे आली. पोरं एक एक पाय मागे टाकत चिऱ्यांच्या पायऱ्या चढू लागली. एकाची टाच घसरली, पण तो सावरला. "येऊं दे, येऊं दे," रामा दोन्ही हात हलवत होता. "डावी मार. जरा उजवीकडं. बास. गडगा हाय. आता सरळ." खिंडीत पालखीचा दांडा चिऱ्याला लागता लागता राहिला. येसूबाईने डोळे मिटून घेतले आणि उघडले तेव्हा आई अंगणात होती.

"झाला माजा बोलून," स्पीकरमधून काकी म्हणाली. "आता निघाली. जा गो आये. सावकाश जा." आणि तिने नाक ओढलं.

आता पुढे काय, ते कुणाला सांगावं लागलं नाही. काकीला अजून आई जाताना दिसत होती. आई परत आलेली दिसायला वेळ होता. पालखी खांद्यावर घेऊन पोरं उभी राहिली. ढोलवाल्यांनी टिपऱ्या काखेत धरल्या. गावकरांनी टोपी काढली. तळेकोंडची सगळी वाडी एका अंगणात, एकही शब्द न बोलता, डोंबिवलीला मघाची वेळ संपायची वाट पाहत उभी राहिली. इतकी शांतता त्या अंगणात शिमग्याला कधी झाली नव्हती. काळू परसातून डोकावला, आला आणि पालखीखाली बसला. त्याला कुणी हाकललं नाही. अभयराव निशिगंधाशेजारी उभे होते. तिने ताटाखालून त्यांचा हात धरला होता, आणि तो दोघांचाही ओला होता.

पंख्याचा आवाज येत राहिला.

"अगो बाय," स्पीकर म्हणाला.

कुणी हललं नाही.

"अवो," काकी जानूकाकांना सांगत होती, "बगा तरी. परत आली. उलटी उलटी आली. माज्याकडं पाठ नाय दिलीन तिनं." पोरांचे खांदे भरून आले होते, पण पालखी हलली नाही. शेवटी काकीचा नेहमीचा, चुलीजवळून हाक मारायचा आवाज आला. "चला, डॉक्टरला सांगा. न्या मला टेबलावर."

ढोल असे वाजले की फणसावरची अँटेना पडली आणि डोंबिवलीचं चित्र कायमचं गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

काकीचं ऑपरेशन नीट झालं. आता ती काठी घेऊन चालते आणि टेबलावर चढण्याआधी आपण डॉक्टरला काय काय सुनावलं ते सगळ्यांना सांगते. रामा शिगवणाची तक्रार मात्र अजून मिटलेली नाही. मांडवकरांकडे आई दोनदा गेली, आमच्याकडे एकदाच, असं त्याने गावकरांच्या कानावर घातलं आहे, आणि पुढच्या शिमग्याला आपल्याही पडवीत तसला उशिराचा कॅमेरा लावून हवा, असा अर्ज तोंडी दिला आहे. मुलगी दुबईला असते त्याची. परमिटचं तो बघून घेणार आहे.

फोरमवर पेंग्विनआजोबांनी विचारलं, "तो तीन मिनिटांचा उशीर दुरुस्त झाला का?"

स्वयंपाकघरातून निशिगंधाने जेवायला हाक मारली. त्यांनी लिहिलं, "नाही. गावाने मंजूर केला आहे," आणि पहिल्याच हाकेला उठून ते पानावर जाऊन बसले.